पतंगाची डावी बाजू

कांजूरमार्गला पंप बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेला मैदान म्हणायचं कारण एवढंच, की तिच्या दोन टोकांना गोलचे खांब उभे होते. लांबी पुरेशी होती, रुंदी नव्हती. एका अंगाला फाउंड्रीची उंच भिंत, दुसऱ्या अंगाला नाला. भिंतीवर आपटलेला चेंडू आपोआप आत परत यायचा. नाल्यात गेलेला चेंडू काढायला कोणाला तरी नाक दाबून उतरावं लागायचं. साहजिकच कडेने पळायची सवय तिथे कोणालाच लागली नाही. खेळ व्हायचा तो मधे.

कारखान्याच्या फुटबॉल टीमचा कोच गुणाजी परब. मालवणकडचा माणूस, पूर्वी लालबागच्या एका कापडगिरणीत साच्यावर विणकर होता आणि गिरणीच्या टीमकडून खेळायचा. संपात गिरणी बसली ती बसलीच. गुणाजीला या कारखान्यात फिटर म्हणून घेतलं ते त्याच्या पायांकडे बघून. आणि पाय थकले तेव्हा टीम त्याच्या हाती दिली. त्याने त्या चिंचोळ्या जागेला साजेशी रचना बसवली. मागे चार बॅक, पुढे दोन फॉरवर्ड, आणि मधले चौघे पतंगाच्या चार टोकांसारखे: एक बॅकच्या पुढे, एक फॉरवर्डच्या मागे, दोघे डाव्या-उजव्या बाजूला, पण एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या जवळ. समोरच्यांचा चेंडू मधे आला की हे चौघे त्याच्याभोवती असे मिटायचे की तो परत जायचाच नाही. टीममधली मुलंही त्याला पतंगच म्हणायची. "पतंग लावला काय रे?" असं एकमेकांना विचारत मैदानात उतरायची. उपनगरांतल्या कारखान्यांच्या स्पर्धेत त्या वर्षी ते एकेक सामना जिंकत फायनलला पोचले, ते पतंगाच्या जोरावर.

गुणाजीचा धाकटा भाऊ लवू याच टीममध्ये डावा बॅक होता.

वडील गेले तेव्हा लवू शाळेतही जात नव्हता. गुणाजीने त्याला गावाहून आणलं, भांडुपच्या खोलीत वाढवलं, आणि कळता झाल्यावर याच कारखान्यात चिकटवलं. पण टेंपररी म्हणून. टेंपररी माणसाला काही महिने कामावर घ्यायचं, मग ब्रेक द्यायचा, मग पुन्हा बोलवायचं, अशी कारखान्याची रीत होती. संपानंतर माणसं स्वस्त झाली आणि ब्रेकवर गेलेल्यांना परत बोलावणं येईनासं झालं. लवूचा ब्रेक स्पर्धेनंतर लगेच होता. त्यातून सुटायची वाट एकच. दर वर्षी स्पर्धा संपली की पर्सोनेल ऑफिसर कर्णिकसाहेब टीममधल्या एका टेंपररी खेळाडूला कायम करण्याची शिफारस करत. वाकोल्याच्या मालनशी लवूचं लग्न ठरलं होतं, पण तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पोरगा परमनंट झाला की मुहूर्त काढू."

हे सगळं टीममध्ये सर्वांना ठाऊक होतं. म्हणूनच गुणाजी लवूच्या बाबतीत फार जपून वागे. कारखान्यात पाठीमागे "परबांची टीम" असं म्हणणारे होते, आणि गुणाजी त्या शब्दाला विंचवासारखा भिई. पाणी प्यायला लवूचा नंबर शेवटी. नवे बूट आले की लवूला उरलेले. चुकला तर इतरांना एक शिवी, लवूला दोन. आणि एक नियम होता. घरात दोघे मालवणीत बोलत, लवू त्याला दादा म्हणे. मैदानात पाऊल ठेवलं की मालवणी बंद आणि दादाही बंद. इतर सगळे म्हणत तसं लवूनेही "कोच" म्हणायचं. लवूने हा नियम कधी मोडला नव्हता. एकदा घोट्याला मार लागून विव्हळत पडला होता तेव्हासुद्धा तो ओरडला होता, "कोच, पाणी!" त्यावर टीम आठवडाभर हसली होती.

फायनल कांदिवलीला होती. समोर तिथल्याच एका औषध कंपनीची टीम. मॅचच्या सकाळी गुणाजीची बायको सुलक्षणा लवूला म्हणाली, "आज जिंकून या भावोजी. जिंकलात की साहेब दुसऱ्या कोणाचं नाव लिहितील होय?"

"वयनी, तू देवाक सांग. साहेबाक आमी सांगतो," लवू म्हणाला, आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मैदानात पाय ठेवल्याबरोबर गुणाजीला बरं वाटलं नाही. मैदान उत्तम होतं. हिरवं, सपाट, आखलेलं. पण या कडेला उभं राहून त्या कडेचा माणूस ओळखू येत नव्हता. त्याची मुलं मधे जाऊन उभी राहिली, सवयीने एकमेकांच्या जवळ, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना केवढं तरी गवत रिकामं पडून राहिलं. माणसं तेवढीच होती. जागा वाढली होती. घरच्या मैदानावर कडेची राखण फाउंड्रीची भिंत आणि नाला करत होते, हे गुणाजीला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं आपण तेरा खेळाडू घेऊन खेळलो म्हणायला हरकत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. पण फायनलच्या दिवशी रचना बदलणारा कोच त्याने आजवर पाहिला नव्हता.

पहिली काही मिनिटं ठीक गेली. मग समोरच्यांना उमगलं. त्यांनी चेंडू पतंगाच्या उजव्या अंगाला नेला, तिथे आपसात दोन-तीनदा फिरवला. चेंडू दिसला की त्याच्याभोवती मिटायचं हे शिकलेले गुणाजीचे चौघे उजवीकडे सरकले. ते पुरेसे सरकले आहेत असं पाहून समोरच्याने एक लांब किक मारून चेंडू पार दुसऱ्या कडेला धाडला. तिथे लवू एकटा होता. त्याच्यासमोर त्यांचा सात नंबर, काटकुळा, पण वाऱ्यासारखा. आणि सात नंबरच्या मागून त्यांचा बॅकही धावत वर येत होता. लवू सात नंबरवर गेला तर बॅक मोकळा. बॅकवर गेला तर सात नंबर मोकळा. पतंगाचं डावं टोक म्हणजे रतन. मैदानाच्या मध्यातून धावत सुटलेला रतन पोचेपर्यंत चेंडू गोलसमोर पडलेला असायचा.

हे पुन्हा पुन्हा होत राहिलं. लवू धावत होता, अंग टाकत होता, मातीने माखला होता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्याने सात नंबरला अडवलं, मोकळ्या बॅकने चेंडू आत दिला आणि गोल झाला.

"डावीकडे कोण आहे रे तो? पार वाट लागली त्याची!" पाहुण्यांच्या मांडवातून कोणीतरी ओरडलं. मांडवात कर्णिकसाहेब बसले होते.

गुणाजी लाइनीजवळ उभा होता. त्याला उत्तर ठाऊक होतं. रतनला मधून काढून कडेला उभा करायचा, पलीकडच्या कडेलाही एकाला लावायचं, पतंग मोडायचा आणि चौघांची एक आडवी ओळ करायची. मध्य थोडा उघडा पडेल, पण कड बंद होईल. हाफ टाइम झाला की हेच सांगायचं असं त्याने ठरवलं.

हाफ टाइमला मुलं गोल करून बसली. मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी फिरत होत्या. गुणाजीने तोंड उघडलं, "ऐका. रतन, तू आता..."

एवढ्यात लवू पलीकडून उठून त्याच्याजवळ आला. त्याला धाप लागली होती. गुडघा सोलवटला होता. त्याने गुणाजीचा हात धरला आणि म्हणाला, "दादा, थय माझ्या अंगार दोन-दोन येतत. माका एकट्याक नाय जमणा. रतनाक जरा भायर धाड मां, दादा."

राखीव खेळाडूंमध्ये बसलेला श्यामकांत लिंबू चोखत म्हणाला, "दादा, वाचव रे!" आणि दोघे-तिघे हसले. त्यात वाईट काही नव्हतं. हरणारी टीम कशालाही हसते.

गुणाजीच्या तोंडात जे शब्द तयार होते ते आता त्याचे राहिले नव्हते. ते लवूचे झाले होते. आता रतनला कडेला पाठवणं म्हणजे धाकट्याने हात धरला, रडला, आणि थोरल्याने टीम मोडून त्याच्या मदतीला माणूस दिला. मांडवात साहेब, इथे ही पोरं, उद्या कारखान्यात सगळे हेच म्हणणार. त्याने हात सोडवून घेतला.

"इथे दादा कोणी नाही," तो म्हणाला. "आपली जागा सांभाळायची. जमत नसेल तर सांग, दुसरा उतरवतो."

लवूने मान खाली घातली. "जमेल, कोच."

रतन कोड्यात पडून विचारू लागला, "मला काय सांगत होतात?"

"काही नाही. आहे तसंच. जोर लावा."

दुसऱ्या हाफमध्ये त्यांनी एक गोल केला. मधूनच, पतंगाच्या टोकांनी चेंडू एकमेकांना देत, सुरेख. थोडा वेळ असं वाटलं की निभावेल. पण समोरच्यांना आता वाट माहीत झाली होती. उजवीकडे चेंडू दाखवायचा, चौघांना ओढायचं, डावीकडे लांब किक. लवूने किती वेळा ती कड एकट्याने धरली याची नोंद कोणी ठेवत नाही. न झालेला गोल कोणाच्या लक्षात राहत नाही. शेवटी त्याचे पाय दगडाचे झाले. सात नंबर एकटाच आला, मागून बॅक नव्हता, कोणी नव्हतं. आणि तो लवूच्या बाजूने असा निघून गेला जसा उभ्या खांबाच्या बाजूने जावा. दुसरा गोल. सामना संपता संपता तिसरा, तोही तिथूनच.

परतताना टेम्पोत लवू मागच्या फळीला टेकून बसला होता. कांजूरमार्गच्या अलीकडे श्यामकांतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "लवू, जाऊ दे यार. मी उगाच बोललो."

"तू कशाक? मीच कमी पडलंय," लवू म्हणाला.

गुणाजी पुढे ड्रायव्हरशेजारी होता. त्याने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला आणि गुणाजी अंगावरच्या तेलकट कपड्यांनिशी कर्णिकसाहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब सभ्य गृहस्थ होते. कामगारांना अहोजाहो करत. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, पण गुणाजी उभाच राहिला.

"साहेब, कालच्या मॅचचं सांगायचं होतं. लवूची चूक नव्हती."

"बरं."

"माझी रचनाच चुकली. मधे चौघं दाटीने उभी केली मी. आपल्या मैदानावर चालतं ते, रुंदी नाही म्हणून. तिथे दोन्ही कडा उघड्या पडल्या. एका बॅकवर दोन-दोन माणसं आली. लवूच्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं."

"मग हाफ टाइमला बदललं का नाही?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

भाऊ दादा म्हणाला म्हणून, हे त्या केबिनमध्ये, त्या काचेच्या टेबलासमोर, उच्चारण्यासारखं नव्हतं.

"राहून गेलं," तो म्हणाला.

कर्णिकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "परब, इतके दिवस तुम्ही भावाला कधी झुकतं माप दिलं नाहीत. मला त्याचं कौतुक वाटायचं. आज तुम्ही स्वतःवर घेताय. मी तुमच्या जागी असतो तर मीही घेतलं असतं. भावासाठी कोण बोलत नाही? पण तिन्ही गोल डावीकडून झाले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"डावीकडूनच झाले, साहेब. तेच तर सांगतोय..."

"या तुम्ही. शिफ्ट चालू आहे."

त्या वर्षी शिफारस गोलकीपरची झाली. त्याने खरोखरच चांगला खेळ केला होता. लवू ब्रेकवर गेला. परत बोलावणं आलं नाही. मालनच्या वडिलांनी वर्षभर थांबतो म्हटलं, आणि दिवाळीनंतर तिचं दुसरीकडे जमवलं. लवू वाकोल्यालाच एका गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या काढायच्या मशीनवर लागला आणि तिथेच माळ्यावर झोपू लागला. मालनचं माहेर दोन गल्ल्या सोडून होतं. नोकरी तिथेच का धरलीस, हे सुलक्षणाने त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "मिळाली थय धरली, वयनी."

पुढल्या मोसमात गुणाजीने पतंग मोडला. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो टीमला मुलुंडच्या एका रुंद मैदानावर नेई आणि मधल्या चौघांना आडवं पसरून उभं राहायला शिकवी. चेंडू उजवीकडे गेला म्हणून डाव्या कडेच्याने कड सोडायची नाही, हे रतनच्या पायात बसायला फार दिवस लागले. डावा बॅक म्हणून आता श्यामकांत होता. तो लवूइतका चपळ नव्हता. अंग टाकायलाही कचरायचा. पण त्याच्या पुढे रतन असायचा. सात नंबर आला की आधी रतन, मग श्यामकांत. दोघांमधून वाट काढणं कोणाला सोपं गेलं नाही. टीमने स्पर्धा जिंकली. डावीकडून एकही गोल झाला नाही.

बक्षीस समारंभाला कर्णिकसाहेब गुणाजीजवळ आले. ते मनापासून खूश होते.

"बघा परब. वाईट वाटून घेऊ नका, पण मी म्हणत होतो ना? माणूस बदलला आणि ती बाजू बंद झाली. श्यामकांतचं नाव पाठवतोय मी."

गुणाजीने हात जोडले. श्यामकांत परमनंट व्हावा असं त्यालाही वाटत होतं. त्याच्या घरी म्हातारी आई होती.

पुढच्या रविवारी सुलक्षणाने डब्यात बांगड्याचं तिखलं आणि भात भरून दिला आणि गुणाजी वाकोल्याला गेला. गाळ्यात मशीन धडधडत होतं. लवू हातमोजे घालून गरम बादल्या उपसत होता. भावाला पाहून त्याने मालकाला खूण केली आणि दोघे दाराशी पोत्यांवर बसले.

"वयनीन काय दिल्यान?"

"तिखलां. जेव तू."

लवू जेवू लागला. गुणाजीने त्याला स्पर्धा जिंकल्याचं सांगितलं, श्यामकांतचंही सांगितलं. लवू म्हणाला, "बरां झाला. गरीब आसा तो."

"लवू," गुणाजी म्हणाला, "तुका एक दाखवचा आसा."

बाजूला बादल्यांच्या लहान झाकणांचा ढीग होता. गुणाजीने त्यातली झाकणं घेतली आणि जमिनीवर मांडली. चार बॅक. त्यांच्या पुढे पतंग. मग लाल झाकणं समोरच्यांची. एक लाल झाकण उजवीकडे सरकवून त्याने पतंगाची चारही टोकं तिकडे सरकवली, आणि मग बोटाने डावीकडची जागा दाखवली. तिथे एक निळं झाकण आणि दोन लाल. तो टीमला समजावी तसा, सावकाश, काही न गाळता बोलत गेला. मग झाकणं हलवून आडवी ओळ केली. आता निळ्याच्या पुढे दुसरं निळं आलं होतं.

"दिसला? पोरगो बदललो म्हणान नाय. ह्यां बदललां म्हणान. माका त्या दिवशी पयल्या हाफातच दिसलेला. रतनाक सांगूक तोंड उघडलेलंय मी. तू दादा म्हटलंस आणि मी गप रवलंय. चूक माझी होती, लवू. तुझी नाय."

लवू घास हातात धरून झाकणांकडे पाहत होता. चांगला खेळाडू कोचचं ऐकतो तसं त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने मान हलवली. मग स्वच्छ हाताने ती दोन लाल झाकणं उचलली आणि एकच परत ठेवलं.

"आणि दुसरो गोल?" तो म्हणाला. "तेव्हा सात नंबर एकटोच होतो. मी आणि तो. माझो पाय पोचाक नाय."

"तवसर तू दोघांचा पळलेलंस. पायात काय उरलेला?"

"ह्यां तू म्हणतस." लवू हसला. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच गुणाजीला सोसवेना. "साहेबाकडेय तू असाच बोललंस म्हणे. श्यामकांतान सांगल्यान माका. दादा, तू माका वाढवलंस. तू दुसरा काय बोलतलंस? र‍वांदे आता. मी पडलंय त्या दिवशी, त्याका काय? माणूस पडता."

"अरे, मी खरां सांगतंय..."

आतून मालकाने हाक मारली. साचा भरला होता. लवूने डब्याचं झाकण लावलं, हात धुतले, आणि भावाच्या खांद्याला कोपराने ढोसून म्हणाला, "वयनीक सांग, तिखलां झकास होता." मग हातमोजे चढवून तो आत गेला.

गुणाजी पोत्यावर बसून राहिला. दारासमोरून एक सायकलवाला गेला आणि त्याच्या चाकाखाली कडेचं निळं झाकण आलं. गुणाजीने ते उचललं, पुसलं, आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं. मग बाकीची झाकणं नीट करू लागला, जणू अजून कोणी पाहायला येणार होतं.